पैसा मजुराचा, विकास देशाचा. मग व्हिसाचा खर्च कोणाचा?

रिझर्व्ह बँकेची आकडेवारी आली की दरवर्षी तोच मथळा छापून येतो. परदेशातून मायदेशी पैसा येण्यात भारत जगात पहिला! २०२४-२५ या आर्थिक वर्षात परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर घरी पाठवले. मंत्री अभिनंदन करतात, टीव्हीवर चर्चा होते, परकीय चलनाचा साठा किती भक्कम झाला ते सांगितले जाते. या पैशात अमेरिकेतल्या संगणक अभियंत्यांचा वाटा आता मोठा आहे, हे खरे. पण रिझर्व्ह बँकेच्याच २०२३-२४ च्या पाहणीनुसार सुमारे ३८ टक्के पैसा आजही आखातातल्या सहा देशांतून येतो. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या ड्रायव्हरने, वेल्डरने, एसी मेकॅनिकने, हॉटेलात भांडी घासणाऱ्या पोराने पाठवलेला पैसा.

जागतिक बँकेपासून दिल्लीतल्या मंत्रालयापर्यंत सगळे हल्ली एकच गोष्ट सांगतात. गरीब देशांनी माणसे पाठवावीत, श्रीमंत देशांनी ती घ्यावीत, पैसा घरी येईल आणि विकास होईल. आम्ही याच्या विरोधात नाही. कोकणातल्या मुस्लिम गावांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आधी जहाजावरचे खलाशी, मग आफ्रिका, आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसे कुवेत, सौदी, दुबई. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांत मातीची घरे जाऊन जांभ्या दगडाची, मग स्लॅबची घरे झाली. शाळा उभ्या राहिल्या, मशिदी दुरुस्त झाल्या, मुली कॉलेजात गेल्या. हे कोणत्या सरकारी योजनेने केले नाही. जुबैल किंवा दम्माममध्ये एका खोलीत आठ-आठ जण राहून ज्यांनी पोट मारले, त्यांनी केले.

पण या गोष्टीतला एक प्रश्न नेहमी गाळला जातो. जाण्याचा खर्च कोण करतो?

एक साधा हिशेब मांडू. समजा, महाड किंवा खेड तालुक्यातला एक पोरगा दहावी नापास आहे. सौदीत मदतनीस म्हणून पगार १,२०० रियाल, म्हणजे आजच्या भावाने साधारण २८ हजार रुपये. एजंटला दिले दीड लाख. त्यातले काही अम्मीचे दागिने गहाण ठेवून, बाकी सावकाराकडून महिना शेकडा तीन रुपयांनी. त्याने दरमहा दहा हजार रुपये नुसते कर्जापोटी पाठवले तरी कर्ज फिटायला वीस महिने लागतात आणि दीड लाखाचे दोन लाख भरावे लागतात. करार दोन वर्षांचा असतो. म्हणजे करार संपताना तो जवळपास तिथेच उभा असतो, जिथून निघाला होता. तोवर पगार वेळेवर मिळाला, तब्येत राहिली, कंपनी बुडाली नाही, असे आम्ही गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ते तसे असतेच असे नाही.

व्याज हराम आहे हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? तरी व्हिसासाठी व्याजाने पैसे काढताना कोणी मौलानांना विचारायला जात नाही. कारण उत्तर माहीत असते आणि दुसरा रस्ताही दिसत नसतो.

बरे, कायदा काय म्हणतो? भारतात १९८३ चा उत्प्रवासन कायदा आजही लागू आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते आणि अशा माणसाला सौदी, कुवेत, कतार, अमिराती, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचे तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये घेता येतात, वर जीएसटी. म्हणजे १८ टक्के धरून ३५,४०० रुपये, तेही पावतीसह. मग बाकीचे लाख-सव्वा लाख कुठे जातात? काही मधल्या सब-एजंटच्या खिशात. काही मुंबईच्या ऑफिसात. आणि एक मोठा भाग समुद्रापलीकडे, ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्याच्याकडे. जो खर्च मालकाने करायचा तो मजुराकडून वसूल होतो आणि व्हिसा हाच विकायचा माल बनतो.

याला ‘आझाद व्हिसा’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. व्हिसा कोणा कफीलच्या नावावर, काम दुसऱ्याच ठिकाणी, आणि कफीलला दरमहा किंवा दरवर्षी ठराविक रक्कम. नाव आझाद, पण असा माणूस कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात जास्त अडकलेला असतो. कफीलने ‘हुरूब’ लावला, म्हणजे हा कामावरून पळाला अशी नोंद केली, की इकामा गेला, पगाराची तक्रार गेली, सुट्टीवर घरी यायचा रस्तासुद्धा बंद.

इथे एक कडू गोष्ट बोलावी लागेल. हे व्हिसे विकणारा बहुतेक वेळा कोणी परका नसतो. मामू असतो, चुलतभाऊ असतो, गावच्या जमातीतला माणूस असतो, जो वीस वर्षे तिकडे आहे आणि ‘आपल्या पोराचे भले करतो’ असे सांगून दोन व्हिसे आणतो. काही खरोखर भले करतात, फुकट व्हिसा देतात, त्यांच्यामुळेच अख्खी गावे गेली. पण जे दर व्हिसामागे पन्नास हजार काढून घेतात, त्यांच्याविषयी जुम्याच्या दिवशी कोणी बोलत नाही. पोरगा तिकडे फसला तरी नात्यामुळे पोलिसात कोणी जात नाही.

आता आपल्या देशाबाहेर जाऊ. कारण हा खर्च कमी करता येतो की नाही याची खरीखुरी परीक्षा एकदा झाली आहे, तीही शेजारच्या बांगलादेशात.

२०१२-१३ मध्ये बांगलादेश आणि मलेशिया या दोन सरकारांनी ठरवले की पामतेलाच्या मळ्यांवर कामगार पाठवताना मध्ये एजंट नकोच. सरकार ते सरकार थेट व्यवहार. सुमारे १४ लाख लोकांनी अर्ज केले आणि लॉटरी काढून ३० हजारांच्या आसपास माणसे निवडली गेली. एजंटमार्फत जायला तेव्हा तीन-चार लाख टका लागत. सरकारमार्फत हा खर्च सुमारे ४० हजार टक्यांच्या आत आला. अर्थशास्त्रज्ञांना लॉटरी फार आवडते, कारण ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा लागला नाही ती माणसे बाकी सगळ्या बाबतीत सारखीच असतात. पाच वर्षांनी साडेतीन हजार अर्जदारांची पाहणी झाली. मुशफिक मोबारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासात दिसले की जे गेले त्यांचे उत्पन्न तिप्पट झाले आणि घरातल्या माणशी खर्चात २२ टक्क्यांची वाढ झाली. नवरा किंवा मुलगा बाहेर असल्यामुळे घरातले निर्णय घेण्यात बायकांचा हात वाढला, हेही नोंदले गेले. कर्जाचा डोंगर नसेल तर स्थलांतर एका गरीब घराचे काय करू शकते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

मग ही योजना वाढली का? नाही. निवडलेल्या ३० हजारांपैकी सुमारे १० हजारच प्रत्यक्ष जाऊ शकले. एजंटांची लॉबी पहिल्या दिवसापासून विरोधात होती. मलेशियातल्या मालकांनाही अशा सरळ व्यवहारात रस नव्हता. २०१६ मध्ये तिच्या जागी नवी योजना आली, तिचे नाव ‘जी टू जी प्लस’. तो ‘प्लस’ म्हणजे दहा खाजगी एजन्सी. बांगलादेशात शेकडो परवानाधारक एजन्सी असताना फक्त दहांना मक्ता मिळाला. खर्च पुन्हा लाखांत गेला, ओरड झाली, २०१८ मध्ये मलेशियाने दार बंद केले. २०२२ मध्ये दार पुन्हा उघडले ते आधी २५ आणि नंतर सुमारे १०० एजन्सींसाठी. सरकारने ठरवलेला खर्च होता ७८,९९० टका. कामगारांनी प्रत्यक्षात भरले चार-पाच लाख. ३१ मे २०२४ रोजी मलेशियाने पुन्हा दार लावले, तेव्हा कागदपत्रे आणि मंजुरी हातात असलेले सुमारे १७ हजार बांगलादेशी ढाक्यातच अडकले. विमानतळावर रात्र काढणाऱ्या त्या माणसांचे फोटो तेव्हा जगभर गेले. त्यांनी जमिनी विकल्या होत्या.

बांगलादेशच्या सांख्यिकी विभागाने २०२० मध्ये स्थलांतराच्या खर्चाची पाहणी प्रसिद्ध केली होती. परदेशी जायला सरासरी ४ लाख १७ हजार टका लागतात आणि हा खर्च फेडायला कामगाराची साडेसतरा महिन्यांहून जास्त कमाई जाते, असे त्यात आहे. वर आम्ही महाडच्या पोराचा हिशेब मांडला तो वीस महिन्यांचा आला होता. देश वेगळे, हिशेब तोच.

नेपाळनेही २०१५ मध्ये ‘फ्री व्हिसा, फ्री तिकीट’ असे धोरण जाहीर केले. आखातातले सहा देश आणि मलेशियाला जाणाऱ्यांचा व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचे, एजंटने फार तर दहा हजार नेपाळी रुपये घ्यायचे. ज्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा बाहेरच्या मजुरीवर उभा आहे, त्या देशाने हे धाडस केले याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. पण कागदावर दहा हजारांची पावती आणि हातात लाखाची रोकड, हा प्रकार तिथेही थांबला नाही. नियम एकट्या पाठवणाऱ्या देशात होता. पैसे घेणारे दोन्हीकडे होते.

गरीब देशांची खरी दुबळी जागा हीच आहे. एकाने भाव ताणला की श्रीमंत देश दुसऱ्याकडे वळतो. घरकामासाठी जाणाऱ्या बायकांचे उदाहरण घ्या. फिलिपिन्सने २००६ च्या शेवटी नियम केला की आमच्या घरकामगार महिलेला महिना ४०० डॉलरपेक्षा कमी पगार चालणार नाही आणि तिच्याकडून एजंटने फी घ्यायची नाही. ४०० डॉलर म्हणजे दीड हजार रियाल. त्यानंतर सौदीबरोबर फिलिपिन्स आणि इंडोनेशियाचे बरेच खटके उडाले. मग २०१५ मध्ये सौदीने बांगलादेशाशी करार केला, पगार ८०० रियाल. जवळजवळ निम्मा! त्यानंतर ढाका विमानतळावर परत आलेल्या बायकांनी मारहाण, उपासमार आणि त्याहून वाईट गोष्टी सांगितल्या, त्या वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचल्या. त्या बायका आमच्या दीनच्या होत्या, मालकही आमच्या दीनचे होते. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण दोघांनाही लहानपणापासून पाठ असणार.

भारताने काय केले? २०२० च्या सप्टेंबरमध्ये, कोविडमध्ये लाखो लोक नोकऱ्या गमावून ‘वंदे भारत’च्या विमानांनी परत येत असताना, परराष्ट्र मंत्रालयाने परिपत्रके काढली. आखातात जाणाऱ्या भारतीय कामगारांसाठी आपले सरकार जो किमान पगार ठरवून देते, तो ३० ते ५० टक्क्यांनी कमी करण्यात आला. कतार, अमिराती, ओमान, बहरीनसाठी आकडा आला २०० डॉलर. कारण सांगितले की शेजारचे देश स्वस्तात माणसे देतात, आपल्या लोकांच्या नोकऱ्या जाऊ नयेत. आता यातली गंमत बघा. त्याच्या काही दिवस आधी, ऑगस्टच्या शेवटी, कतारने सर्व कामगारांना लागू होणारा १,००० रियालचा किमान पगार जाहीर केला होता, राहण्या-खाण्याचे वेगळे. हे २७५ डॉलर होतात. म्हणजे ज्या देशावर जगभरातून टीका होत होती तो २७५ म्हणत होता आणि आपले सरकार म्हणत होते की आमची माणसे २०० मध्येही येतील.

तेलंगणातल्या गल्फ कामगारांच्या संघटना यावर रस्त्यावर आल्या, हायकोर्टात गेल्या आणि २०२१ मध्ये ती परिपत्रके मागे घ्यावी लागली. तेलंगणाचे हे प्रकरण आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. करीमनगर, निजामाबाद, जगतियाल भागातल्या शेतमजुरांनी हे केले. कोकणातून, मराठवाड्यातून आवाज निघाल्याचे आम्हाला आठवत नाही. आमच्याकडे गल्फमधल्या माणसांच्या जमाती आहेत, ट्रस्ट आहेत, व्हॉट्सअॅप ग्रुप तर विचारू नका. पण त्या सगळ्या गावच्या कामासाठी पैसा गोळा करण्यापुरत्या. कामगार म्हणून मागणी मांडणारी संघटना आम्ही बांधलीच नाही.

बाहेर काम करणाऱ्याचा पगार वाढतो कशाने, यावरही एक महत्त्वाचा अभ्यास आहे. अमिरातीने २०११ च्या सुरुवातीला नियम बदलला. करार संपल्यावर जुन्या मालकाच्या ‘एनओसी’शिवाय कामगाराला दुसरी नोकरी धरता येऊ लागली. नायडू, न्यार्को आणि वँग या तीन अर्थशास्त्रज्ञांनी पगाराच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे करार या बदलानंतर संपले त्यांचा पगार दहा टक्क्यांहून जास्त वाढला. आणि वाढला तो बहुतेक नोकरी न बदलता! माणूस जाऊ शकतो म्हटल्यावर मालकानेच पगार वाढवून त्याला ठेवून घेतले. याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे. देशातून नव्याने येणाऱ्यांना मात्र काहीसा कमी पगार मिळाला आणि त्यांची भरतीही घटली. म्हणजे सुधारणेचा फायदा आत असलेल्याला, तोटा रांगेत उभ्या असलेल्याला. फुकटात काही मिळत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. मजुराला मालक सोडण्याची मोकळीक देणारा एक साधा नियम कित्येक ‘कौशल्य विकास’ शिबिरांपेक्षा जास्त पैसा गावाकडे पाठवू शकतो.

कतारने २०२० मध्ये, सौदीने २०२१ मध्ये याच दिशेने पावले टाकली. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण सौदीच्या त्या सुधारणेतून घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतावरचे मजूर वगळले गेले. आणि आपल्याकडून ‘हाऊस ड्रायव्हर’ म्हणून किती जण जातात ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

परक्या देशाचे धोरण आपल्या घरात कसे शिरते याचे सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २०१७ चा सौदीचा फॅमिली टॅक्स. सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल, दरवर्षी शंभरची वाढ, २०२० मध्ये ४०० रियाल. बायको आणि तीन मुले असतील तर महिन्याला १,६०० रियाल. म्हणजे वर सांगितलेल्या मदतनिसाच्या पूर्ण पगाराहून जास्त! सुपरवायझर, अकाउंटंट, छोटे दुकानदार, ज्यांनी तिथे संसार थाटले होते, त्यांनी बायका-मुले परत पाठवली. पुण्यात, मुंब्र्यात, पनवेलमध्ये, चिपळूणमध्ये ती कुटुंबे आली. मुलांना मराठी वाचता येत नव्हते, शाळांना त्यांचे सौदीतले दाखले कळत नव्हते. त्या सगळ्यात कोणत्या सरकारी खात्याने विचारपूस केली?

केरळमध्ये मात्र असे खाते आहे. १९९६ मध्येच त्यांनी परदेशातल्या केरळी माणसांसाठी स्वतंत्र विभाग काढला, ‘नोर्का’. शिवाय १९९८ पासून दर काही वर्षांनी घरोघरी जाऊन पाहणी होते की कोण गेले, कुठे गेले, किती पाठवले, परत आल्यावर काय करतात. २०२३ च्या पाहणीत २२ लाख लोक बाहेर असल्याचे आणि वर्षाला २ लाख १६ हजार कोटी रुपये येत असल्याचे दिसले. महाराष्ट्राच्या वाट्याला देशातल्या एकूण पैशापैकी २०२३-२४ मध्ये साधारण वीस टक्के आले, म्हणजे केरळपेक्षाही किंचित जास्त. पण यातला रत्नागिरी-रायगडचा किती, भिवंडी-मालेगावचा किती, अमेरिकेतल्या पुणेकर अभियंत्यांचा किती, हे वेगळे करून पाहण्याची सोय नाही. आमच्या मते मोठा भाग मुंबई-पुण्याच्या खात्यांतलाच असावा. जे मोजलेच जात नाही त्याच्यासाठी धोरण कसे ठरणार? तेलंगणा सरकारने २०२४ मध्ये आखातात मृत्यू झालेल्या कामगाराच्या घरच्यांना पाच लाख रुपये देण्याचे ठरवले. आपल्या आमदारांना यातले काय माहीत आहे ते त्यांनाच विचारलेले बरे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे कुशल लोक पाठवायचे, जर्मन भाषा सरकार शिकवणार. चांगली गोष्ट आहे. आमच्या मुला-मुलींनीही त्यात उतरावे, आयटीआय झालेल्यांनी तर नक्कीच. पण सरकारचे सगळे लक्ष आता युरोप, जपानकडे जाणाऱ्या शिकलेल्या मुलांकडे आहे. दहावीला अडकलेला पोरगा आजही एजंटच्याच भरवशावर आहे.

आणि दुसरा एक करार विसरता येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर इस्राएलने हजारो पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले आणि त्या जागी भारतातून बांधकाम मजूर मागवले. हरियाणा, उत्तर प्रदेशात सरकारी यंत्रणेमार्फत भरती झाली, महिना १ लाख ३७ हजारांचे आमिष होते, रांगा लागल्या. एका कब्जाखालच्या जनतेची रोजी हिसकावून घेतलेल्या जागेवर आपल्या गरिबांना पाठवायचे आणि त्याला रोजगार म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. रांगेतल्या माणसाला मात्र आम्ही दोष देत नाही. देशात दिवसाला पाच-सहाशे रुपये मिळवणाऱ्याला युद्धाच्या तोंडावर जावेसे वाटले, यात दोष त्याचा नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारच्या मनात आले तेव्हा मधल्या एजंटांशिवाय सरकारी यंत्रणेने थेट भरती करून दाखवली. मग सौदी-कुवेतसाठी ते का होत नाही?

आता या सगळ्याची चर्चा करायची वेळ आली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. नावात ‘मोबिलिटी’ आहे, ‘वेल्फेअर’ही आहे. एक परिषद नेमायची, एजन्सींची नोंदणी आणि दंड कडक करायचे, परत येणाऱ्यांच्या पुनर्वसनाकडेही पाहायचे, असा त्याचा रोख आहे. २०२१ मध्येही असाच एक मसुदा आला होता आणि तिथेच राहिला. या वेळी सूचना मागवल्या गेल्या तेव्हा आमच्या किती संस्थांनी त्या पाठवल्या, हा प्रश्न आम्ही आमच्यासकट सगळ्यांना विचारतो. वक्फपासून आरक्षणापर्यंतच्या विषयांवर निवेदने देणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना हा ‘मुस्लिम प्रश्न’ वाटत नाही. केरळमध्ये तो वाटतो, म्हणून तिथल्या प्रत्येक पक्षाला गल्फच्या माणसाची भाषा बोलावी लागते.

आमच्या मते मागण्या फार नाहीत. भरतीचा खर्च मालकाने करायचा, मजुराने नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या १८१ व्या करारातच म्हटले आहे की खाजगी एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. भारताने तो करार मान्य केलेला नाही. ३० हजारांची मर्यादा ही सुद्धा मुळात मजुराकडून पैसे घेण्याला दिलेली परवानगीच आहे. दुसरी मागणी, बुडालेल्या पगाराची. २०१६ मध्ये जेद्दाहला हजारो भारतीय कामगार कित्येक महिने पगाराविना, जेवणाविना कॅम्पमध्ये पडून होते. सरकारने त्यांना अन्न पाठवले, परत आणले. पण हक्काचे पैसे मागे राहिले, आणि परत आलेल्या माणसाला तिथल्या कोर्टात इथून लढता येत नाही. कोविडमध्ये पुन्हा तेच झाले. इथूनच दूतावासामार्फत दावा चालवता येईल, अशी सोय कायद्यात लिहून हवी. तिसरी, विम्याची. प्रवासी भारतीय विमा योजनेत ३७५ रुपयांत तीन वर्षांसाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते, पण ते अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. उन्हात काम करून झोपेत हृदय बंद पडलेल्या पस्तिशीतल्या माणसाच्या विधवेला त्याचा उपयोग होत नाही. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून पंचेचाळीस भारतीय गेले, तेव्हा देश हळहळला. झोपेत जाणारे एकेकटे जातात, त्यांची बातमी होत नाही.

आणि जमातीने स्वतः करायचे असे एक काम आहे, त्याला कोणत्या विधेयकाची वाट पाहावी लागत नाही. गावातली जी रक्कम दरवर्षी मशिदीच्या मिनाराला, कमानीला जाते, तिचा थोडा भाग बिनव्याजी कर्जासाठी, कर्ज-ए-हसनासाठी, बाजूला काढता येईल. अट एकच ठेवायची. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासलेला हवा, नोकरीचा करार हातात हवा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती हवी. पावती मागितली की एजंट काय म्हणतो ते गल्फला गेलेल्या प्रत्येकाने ऐकले आहे. ‘पावती पाहिजे तर व्हिसा दुसरीकडे बघ.’ एकटा पोरगा ते ऐकून गप्प बसतो. गावच्या ट्रस्टच्या लेटरहेडवर पाच पोरांसाठी एकत्र पावती मागितली तर तोच एजंट काय म्हणेल, ते एकदा तरी बघायला हवे.